फॉर्मबी की विस्डम? जुने ब्रिटिश आपटाआपटीचे संगीतमय सिनेमे मराठी प्रेक्षकांना दाखवताना

शुक्रवार_पडदा

वाचनालयाच्या चित्रपट मंडळात पुढच्या महिन्यात एक जुना ब्रिटिश विनोदी सिनेमा दाखवायचा आहे. पडापडी, पाठलाग हवा आणि गाणीही हवीत. प्रेक्षक चाळीसेक, बहुतेक पन्नाशीच्या पुढचे. चॅप्लिन आणि लॉरेल-हार्डी सगळ्यांना पाठ आहेत, पण जॉर्ज फॉर्मबी किंवा नॉर्मन विस्डम या गाणाऱ्या ब्रिटिश विनोदी नटांची नावं फारशी कुणी ऐकलेली नाहीत.

फॉर्मबीचा 'नो लिमिट' (१९३५) आणि विस्डमचा 'ट्रबल इन स्टोअर' (१९५३) या दोन्हींच्या ब्रिटनमधून आणलेल्या डीव्हीडी हाताशी आहेत. आधी कोणता लावावा? मंडळातल्या काहींचं म्हणणं असं की गाणं सुरू झालं की विनोद थांबतो, तेव्हा गाणी गाळूनच दाखवा. त्यात काय बिघडेल? मराठी सबटायटल आम्हीच करणार आहोत, त्याबद्दलही सूचना हव्यात. शिवाय एक सभासद युकलेली (गिटारसारखं चार तारांचं छोटं वाद्य) वाजवतात. सिनेमाआधी फॉर्मबीच्या ढंगात एक गाणं वाजवायची त्यांची इच्छा आहे, पण त्याचा तो तुटक, उड्या मारणारा ठेका त्यांच्या हातात बसत नाही. लॅपटॉप, प्रोजेक्टर आणि दोन स्पीकर एवढं साहित्य आहे.

---

विगनकर

गाणी अजिबात गाळू नका. फॉर्मबीच्या सिनेमातून गाणी काढली तर नायकच उरत नाही.

त्याचं पात्र जवळजवळ प्रत्येक सिनेमात तेच: उत्तर इंग्लंडमधल्या लँकशायरचा भाबडा, वेंधळा पोऱ्या. स्वतःच्या हातापायांवर त्याचा ताबा नाही. दार ढकललं तर ते कुणाच्या तरी नाकावर, वाहन हाती आलं तर त्याला ब्रेक नाहीत. हाच माणूस बँजोलेली (युकलेली आणि बँजो यांचं जोडवाद्य) घेतो आणि उजव्या हाताची बोटं इतकी चोख, इतकी वेगात चालतात की पाहणारा चमकतो. तासभर ज्याला आपण खुळा म्हणत होतो, त्याच्यात काहीतरी पक्कं आहे याची खूण फक्त गाण्यात मिळते. नायिका त्याच्यावर का भाळते, शेवटी तो शर्यत का जिंकू शकतो, हे सगळं त्या तीन मिनिटांच्या आधारावर उभं असतं. गाणं कापलं की उरतो तो नुसता मार खाणारा माणूस, आणि अशा माणसाला ऐंशी मिनिटं हसत राहणं कुणालाही जड जातं.

यामागे दोन वेगळ्या घराण्यांचा संगम आहे. फॉर्मबीचा जन्म १९०४ चा, लँकशायरमधल्या विगनचा. वडील म्युझिक हॉलचे, म्हणजे गाणी-विनोदाच्या रंगमंचाचे, मोठे कलाकार. ते १९२१ साली गेल्यावर मुलगा रंगमंचावर आला. म्युझिक हॉलमध्ये कलाकार थेट प्रेक्षकांशी बोलतो, डोळा मारतो, आणि धृपदापर्यंत सगळं सभागृह त्याच्याबरोबर गायला लागतं. ती सवय फॉर्मबीने सिनेमात तशीच आणली. दुसरं घराणं मूकपटांचं. निर्माते बेसिल डीन यांनी लंडनच्या ईलिंग स्टुडिओत 'नो लिमिट' काढला तेव्हा दिग्दर्शनासाठी मॉन्टी बँक्स घेतले. हे मूळचे इटालियन आणि मूकपटांतले नावाजलेले विनोदी नट. धावत्या आगगाडीवरच्या कसरतींसाठी ते ओळखले जायचे. त्यामुळे या सिनेमातला पाठलाग आणि शर्यत मूकपटाच्या शिस्तीत बांधलेली आहे: आधी यंत्र दाखवायचं, मग त्यातली खोट दाखवायची, आणि ती खोट सर्वात वाईट वेळी कामाला लावायची.

'नो लिमिट'मध्ये हे स्वच्छ दिसतं. जॉर्ज घरच्या घरी जुनी मोटरसायकल ठोकठाक करून 'शटलवर्थ स्नॅप' बनवतो आणि आइल ऑफ मॅन बेटावरच्या 'टीटी' मोटरसायकल शर्यतीला जातो. सरावाच्या फेरीत त्याच्या हाती काहीच राहत नाही, गाडी सुसाट सुटते आणि त्याच्या नावावर फेरीचा विक्रम लागतो. म्हणजे विक्रम खरा, पण भीतीमुळे झालेला. त्यानंतरचा अर्धा सिनेमा या एका गैरसमजावर चालतो, कारण आता लोक त्याला शूर समजतात आणि त्याला एकट्यालाच खरं माहीत असतं. शेवटच्या शर्यतीत पेट्रोल संपतं आणि तो गाडी ढकलत रेषेपलीकडे नेतो. इथे हसू आणि छाती भरून येणं एकाच वेळी होतं. चित्रण खरोखर बेटावर झालंय, रस्तेही त्या साठ किलोमीटरच्या फेरीतलेच आणि गर्दीत स्थानिक माणसं आहेत. म्हणून इतक्या वर्षांनीही ती शर्यत खोटी वाटत नाही. कथा वॉल्टर ग्रीनवुड यांची. उत्तर इंग्लंडमधल्या बेकारीवर लिहिणारा हा लेखक, त्यामुळे जॉर्जच्या गल्लीतली गरिबी नुसती नेपथ्यापुरती राहत नाही.

गाण्यांतल्या चावटपणाबद्दलही प्रेक्षकांना आधी सांगून ठेवा. खिडक्या पुसणाऱ्याला आत काय काय दिसतं, या विषयावरचं त्याचं १९३६ चं गाणं बीबीसीने वाजवायला नकार दिला होता. चेहरा लहान मुलाचा आणि शब्द दोन अर्थांचे, असा तो मामला. दादा कोंडके पाहिलेल्या प्रेक्षकाला हे गणित समजावून सांगायची गरज पडणार नाही.

माझं मत 'नो लिमिट'ला.

---

संवादिनी

विगनकरांचं विश्लेषण पटतं, तरी पहिला सिनेमा म्हणून मी 'ट्रबल इन स्टोअर' लावीन. कारण साधं आहे. फॉर्मबीची बोली पहिली वीस मिनिटं कानाला लागत नाही, आणि १९३५ च्या ध्वनिमुद्रणात ती आणखी धूसर होते. विस्डमच्या सिनेमात पेच डोळ्यांनीच कळतो: मोठं डिपार्टमेंट स्टोअर, वर मालक आणि तळाला गोदामातला पोऱ्या, ज्याला दर्शनी काचेतली सजावट करायची स्वप्नं पडतात.

सुरुवातीची गंमत नीट पाहा. आलिशान गाडीच्या खिडकीतून मालक फ्रीमन दिसतात, शेजारी नॉर्मन. दोघं बरोबरच निघालेत असं वाटतं. मग गाडी पुढे सरकते आणि कळतं की नॉर्मन गाडीत नव्हताच, तो पलीकडे सायकलवर होता. एकही शब्द न बोलता त्याची इच्छा, त्याची जागा आणि या दोन्हींतलं अंतर काही सेकंदांत सांगून झालं. दिग्दर्शक जॉन पॅडी कार्स्टेअर्स. या गमतीचा सगळा भार चौकटीवर आहे: काय दिसतंय आणि काय कडेला लपलंय.

विस्डमचा पोशाखही अभ्यासण्यासारखा. कोट एक माप लहान, टोपी तिरकी, टाय पिळलेला. कोट तोकडा असल्यामुळे हात वर केला की सगळं शरीरच वर ओढल्यासारखं दिसतं, आणि पडताना तो आणखी लहानखुरा वाटतो. समोर जेरी डेझमंड हे फ्रीमनच्या भूमिकेत. आपटाआपटीत गंभीर माणसाचं काम अवघड असतं. त्याने जराही गंमत वाटल्याचं दाखवलं की संपलं. डेझमंड ताठ राहतात, रागही तोलून मापून वाढवतात, म्हणून विस्डमचं घरंगळणं उठून दिसतं. मार्गारेट रदरफर्ड यांनी साकारलेली दुकानात हातचलाखी करणारी बाई तर वेगळीच मेजवानी आहे.

गाण्याचं काम मात्र इथे उलटं. फॉर्मबी गाण्यात बलवान होतो, विस्डम गाण्यात उघडा पडतो. 'मला हसू नका' अशी विनवणी करणारं त्याचं गाणं १९५४ साली ब्रिटनच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. तोपर्यंत हसत असलेल्या प्रेक्षकाला ते गाणं जाब विचारतं. काहींना हा भाग फार रडका वाटतो. विस्डम हसताना आणि रडताना दोन्हीकडे लांबवतो हे खरं, पण ते गाणं गाळलं तर नंतरच्या गोंधळात त्याच्याबद्दल धाकधूक वाटत नाही, आणि धाकधूक नसली की पाठलाग कोरडा होतो.

तिसरी तऱ्हा गायिका-अभिनेत्री ग्रेसी फील्ड्सची. 'सिंग ॲज वी गो' (१९३४) मध्ये गिरणी बंद पडते, ती कामासाठी समुद्रकाठच्या ब्लॅकपूलला जाते, तिथे एकामागून एक नोकऱ्यांत फजिती होते, आणि शेवटी गिरणी उघडल्यावर कामगारांच्या पुढे गात चालते. तिथलं गाणं अख्ख्या गर्दीचं आहे. कथा जे. बी. प्रीस्टली यांची. गिरणगाव माहीत असलेल्या प्रेक्षकांना हा शेवट फार जवळचा वाटेल, म्हणून पुढच्या खेपेसाठी मनात ठेवा. 'क्रेझी गँग' या विनोदी टोळीचे सिनेमे सुरुवातीला नकोत. सहा जण एकदम बोलतात आणि सबटायटल करणाऱ्याचे हाल होतात.

---

मोनो_आवाज

कोणताही लावा, पण आधी तांत्रिक बाजू तपासा. हे सिनेमे पडतात ते बहुतेक वेळा चुकीच्या प्रक्षेपणामुळे.

ब्रिटिश डीव्हीडी विभाग २ ची, भारत विभाग ५ मध्ये. लॅपटॉपच्या ड्राइव्हला विभाग बदलायची मुभा सहसा पाचच वेळा असते, त्यामुळे "बदलू का?" असा प्रश्न आला की लगेच 'हो' म्हणू नका. आधी व्हीएलसी प्लेअरमध्ये चालवून पाहा, पुष्कळदा तसंच चालतं.

दुसरी गोष्ट वेगाची. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा, ब्रिटिश डीव्हीडी २५ ची. त्यामुळे सगळं सुमारे ४ टक्के वेगाने पळतं. ८० मिनिटांचा सिनेमा ७७ मिनिटांत संपतो आणि आवाजाची पट्टी अर्ध्या स्वराच्या साधारण सत्तर टक्के इतकी वर चढते. आपटाआपटीत हे फारसं लागत नाही, गाण्यात लागतं: फॉर्मबीचा आवाज मुळातच उंच, तो आणखी चिरका होतो. व्हीएलसीत वेग ०.९६ करा. मात्र ऑडिओच्या पसंतींमध्ये 'टाइम-स्ट्रेचिंग ऑडिओ' चालू असेल तर वेग कमी होऊनही पट्टी वरच राहते. ते बंद केलं की दोन्ही जागेवर येतात. ब्लू-रे बहुधा २४ चौकटींचीच असते, तिला हे काही करावं लागत नाही.

चित्राचा आकार. १९३५ चा सिनेमा जवळजवळ चौकोनी, १.३७ ला १. प्रोजेक्टर १६:९ वर असला की दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतात, ते राहू द्या. पडदा भरावा म्हणून 'झूम' केलं तर उंचीचा साधारण २३ टक्के भाग जातो, आणि तो भाग म्हणजे नेमके पाय आणि डोक्यावरची टोपी. केळीच्या सालीवरून घसरणारा माणूस दाखवायचा आणि साल पडद्याबाहेर, असं होतं. 'स्ट्रेच' तर त्याहून वाईट. माणसं बसकी दिसतात आणि पडण्याचा वेगच चुकीचा वाटतो.

आवाज एकमार्गी (मोनो) आहे. स्पीकरवर 'हॉल', 'सराउंड' असलं काही चालू असेल तर बंद करा. दोन्ही स्पीकर पडद्याच्या जवळ, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला ठेवा. फरशीच्या खोलीत आवाज घुमतो आणि शब्द हरवतात, तिथे आवाज वाढवून उपयोग नसतो. पडद्यासमोरच्या मोकळ्या जागेत सतरंज्या घाला, मागच्या भिंतीला जाड पडदा लावा. सगळ्यात वरचा ट्रेबल थोडा उतरवला तर जुन्या ध्वनिपट्टीची खरखर कमी होते, पण २ ते ४ किलोहर्ट्झचा पट्टा कापू नका, व्यंजनं तिथेच असतात.

---

दोन_ओळी

सबटायटलबद्दल.

एका वेळी दोनच ओळी, एका ओळीत ३८-४० अक्षरचिन्हांपर्यंत. वाचनाचा वेग सेकंदाला १२ ते १४ चिन्हं धरा. वयस्कर प्रेक्षकांना तेवढाच सोसतो. एक सबटायटल सेकंदाच्या आत नाहीसं होऊ नये आणि सहा सेकंदांपुढे रेंगाळू नये.

विनोदी सिनेमात सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे वाक्याचा शेवट आधीच वाचायला देणं. नट "मला गाडी चालवता येते" म्हणून थांबतो आणि दोन सेकंदांनी "बहुतेक" म्हणतो. ही दोन वेगळी सबटायटलं हवीत. एकत्र टाकलीत तर सभागृह नटाच्या आधी हसतं आणि त्याचं "बहुतेक" हशात बुडून जातं. पडझड चालू असताना मधले "अरे", "ओह", "सावकाश" हे शब्द लिहूच नका. नजर खाली गेली की वरची घसरण चुकते.

गाण्यांना वेगळा नियम. फॉर्मबीच्या कडव्यात ओळी झपाट्याने येतात. सगळ्या लिहिल्यात तर प्रेक्षक वाचत बसतील आणि बोटं बघायची राहतील. पहिल्या कडव्यात प्रसंग काय आहे ते सांगा, पुढे जिथे कोटी आहे तेवढ्याच ओळी द्या, धृपद एकदाच. मधल्या वाद्याच्या तुकड्यावर पडदा पूर्ण मोकळा ठेवा. यमक जुळवायचा हट्ट नको, पण ओळीचा शेवट चुरचुरीत शब्दावर व्हायला हवा.

लँकशायरच्या बोलीसाठी मालवणी किंवा वऱ्हाडी वापरायचा मोह होतो. तो टाळावा असं माझं ठाम मत आहे. मग पात्र विगनचं न राहता मालवणचं होतं, आणि समोर तर धुरकट इंग्लिश गल्ली दिसत असते. जॉर्जला साधी, घरगुती, जराशी तुटक मराठी द्या आणि खलपात्राला गुळगुळीत, पुस्तकी. सामाजिक वर्गातला फरक तेवढ्याने पोचतो.

फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. पेन ड्राइव्ह थेट प्रोजेक्टरला लावलात तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाण्याची आणि जोडाक्षरं फुटण्याची शक्यता असते. लॅपटॉपवर अक्षरं नीट दिसत असतील तर लॅपटॉपवरूनच चालवा, किंवा सबटायटल चित्रात कायमचं छापून घ्या.

मोनो_आवाज यांनी सांगितलेला वेगाचा फरक इथेही आडवा येतो. २४ चौकटींच्या प्रतीवर बेतलेली इंग्रजी सबटायटलं आधाराला घेतलीत तर डीव्हीडीवर तासाभरात जवळजवळ अडीच मिनिटांचा फरक पडतो. नुसतं पुढेमागे सरकवून हे सुटत नाही, कारण फरक वाढत जातो. 'सबटायटल एडिट' या प्रोग्राममध्ये चौकटींचा दर बदलण्याची सोय आहे, तिथे २४ वरून २५ करा.

---

चार_तारा

युकलेलीवाल्या सभासदांसाठी.

फॉर्मबीचं वाद्य बँजोलेली, म्हणजे युकलेलीची मान आणि बँजोचं कातडी मढवलेलं गोल अंग. त्यामुळे आवाज कोरडा आणि तुटक येतो. लाकडी युकलेलीवर ठेका जमतो, धार थोडी कमी राहते. एका कार्यक्रमासाठी नवं वाद्य घेऊ नका. सोप्रानो युकलेली पुरेशी आहे, पण चौथी तार उंच पट्टीची हवी. म्हणजे जी-सी-ई-ए मध्ये जी ही सी च्या वर. तिथे जाड, खर्जाची जी असेल तर हा ठेका उठतच नाही.

तो तुटक ठेका म्हणजे 'स्प्लिट स्ट्रोक'. उजव्या हाताची तर्जनी सैल ठेवा, हालचाल मनगटातून, कोपरातून नाही. एक: खाली येताना चारही तारा. दोन: वर जाताना फक्त पहिली तार, ए. तीन: खाली येताना फक्त चौथी तार, जी. हे तीनाचं चक्र दोनदा, आणि शेवटी दोन मात्रांचा साधा खाली-वर. बेरीज आठ, पण वजन ३-३-२ असं पडतं. पाय चाराच्या सरळ तालात ठोकायचा आणि हात तीन-तीन-दोन करायचा. उडी मारल्याचा भास या भांडणातून येतो.

चुका ठरलेल्या आहेत. वर जाताना बोट सगळ्या तारांना लागतं, मग ठेका चिखल होतो. बोट तारांत खोल घुसतं, मग तिसरा आघात उशिरा येतो. नखाचं टोक जेमतेम लागू द्या. तिसरी चूक डाव्या हाताची: कॉर्ड धरताना पहिली किंवा चौथी तार अर्धवट दाबली जाते. नेहमीच्या वाजवण्यात ते लपून जातं, इथे त्या दोन तारा एकेकट्या वाजतात म्हणून उघडं पडतं. आधी एकाच सी कॉर्डवर मेट्रोनोम ६० ला लावून, एका ठोक्याला दोन आघात, एवढंच करा. हात न अडखळता चालला की एफ आणि जी सेव्हनवर जा. गाताना ठेका सुटतोच, म्हणून गाणं साध्या खाली-वरवर म्हणा आणि हा प्रकार फक्त मधल्या वाद्याच्या कडव्यात आणा.

सिनेमातल्या पट्टीशी जुळत नाही म्हणून खचू नका. एक तर डीव्हीडी चढी असते. दुसरं, फॉर्मबी वेगवेगळ्या पट्टीत लावलेली अनेक वाद्यं जवळ ठेवायचा, म्हणजे ओळखीच्या बोटांनीच कोणत्याही पट्टीत वाजवता येई.

कुणाकडून जुनी, खऱ्या कातड्याची बँजोलेली उसनी मिळालीच तर पावसाळ्यात जपा. दमट हवेत तबल्याची पुडी उतरते तसंच तिचं कातडं सैल पडतं, घोडी खाली बसते आणि तारा मानेवरच्या पडद्यांना (फ्रेट) लागून झणझणतात. कडेचे नट एकेक पाव फेरा, समोरासमोरच्या जोडीने आवळा. एकाच बाजूने आवळत गेलात तर कडं तिरकं बसतं. कार्यक्रमानंतर तेवढेच सैल करा, कारण वातानुकूलित खोलीत कातडं आकसून फाटू शकतं. तारा नायलॉनच्याच हव्यात, पोलादी तारांचा ताण ही मान पेलत नाही. घोडी चिकटवलेली नसते. वरच्या खुंटीकडच्या पट्टीपासून बाराव्या पडद्यापर्यंत जेवढं अंतर, तेवढंच तिथून घोडीपर्यंत ठेवा, मग केसभर मागे सरकवून बाराव्या पडद्यावरचा स्वर मोकळ्या तारेशी पडताळा.

---

शुक्रवार_पडदा

'नो लिमिट' लावायचं ठरतंय. दोन शंका उरल्या. मध्यंतर कुठे करावं? आणि एका सभासदाकडे 'लेट जॉर्ज डू इट' (१९४०) आहे. त्यातली हेरगिरी ऐकून काही जणांना तोच हवाय.

---

विगनकर

मध्यंतर नको. सिनेमा ऐंशी मिनिटांचा आहे, आणि सरावाच्या फेरीतून निर्माण झालेला गैरसमज प्रेक्षकाच्या डोक्यात गरम असतानाच शर्यत यायला हवी. चहा आधी द्या, मग युकलेली, मग लगेच सिनेमा.

'लेट जॉर्ज डू इट' बांधणीला कदाचित त्याचा सर्वात घट्ट सिनेमा. दिग्दर्शक मार्सेल व्हार्नेल. युद्धकाळच्या ब्लॅकआउटच्या अंधारात जॉर्ज ब्लॅकपूलऐवजी नॉर्वेतल्या बर्गनला पोचतो. तिथला बँडमास्तर वाद्यवृंदाच्या प्रक्षेपणातून जर्मन पाणबुड्यांना सांकेतिक निरोप धाडत असतो. म्हणजे इथे संगीत हाच कटाचा भाग आहे, आणि गाणी गाळा म्हणणाऱ्यांना याहून चांगलं उत्तर नाही. बेकरीतली पळापळ आणि स्वप्नात हिटलरला लगावलेला ठोसा यांवर आजही सभागृह उठतं.

पण त्यात लंडनमधल्या चिनी धोब्यावर रचलेल्या गाण्यांपैकी एक आहे, आणि चिनी माणसाचं त्यातलं चित्रण आज बघवत नाही. कापू नका. सुरू होण्याआधी दोन वाक्यांत सांगा की त्या काळच्या ब्रिटिश रंगमंचावर अशी चित्रं सर्रास चालत, आणि सबटायटलमध्ये त्यातलं हिणवणं सौम्य करू नका. शिवाय युद्धाचा संदर्भ लागतो: ब्लॅकआउट म्हणजे काय आणि १९४० साली नॉर्वेत काय चाललं होतं, एवढं आधी सांगावं लागेल. 'नो लिमिट'ला मोटरसायकल आणि डोंगरातला रस्ता एवढंच माहीत असलं तरी भागतं, म्हणून आधी तो आणि पुढच्या शुक्रवारी हा.